हवेचा अंदाज कोणावर बंधनकारक?

उद्या आणि परवा मुंबईची किंवा पुण्याची हवा किती बिघडेल, हे आज सांगण्याची क्षमता आपल्याकडे नवी नाही. पुण्यात पाषाणला असलेल्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने २०१० च्या दिल्लीतील राष्ट्रकुल स्पर्धांच्या निमित्ताने ‘सफर’ ही प्रणाली उभी केली. ती २०१३ मध्ये पुण्यासाठी आणि २०१५ मध्ये मुंबईसाठी सुरू झाली; दिल्लीसाठी तर २०१८ पासून स्वतंत्र पूर्वसूचना प्रणाली काम करते आहे आणि तिच्यामागेही हीच संस्था आहे. इतके असूनही हिवाळ्यात आपल्यापर्यंत जे पोहोचते ते बहुतेक वेळा घडून गेलेल्या गोष्टीचे वृत्त असते: काल अमुक ठिकाणचा निर्देशांक इतका होता, आज तो इतका झाला. उद्याच्या आकड्याला वर्तमानपत्रात चौकट मिळते, प्रशासनाच्या कामकाजात मात्र त्याला जागा नसते. माझ्या मते उणीव यंत्रांत किंवा गणितात फार थोडी आहे. अंदाज हाती आल्यावर कोणी, किती वाजेपर्यंत, काय करायचे हे दिल्लीच्या परिसराबाहेर जवळजवळ कोणावरच बंधनकारक नाही, आणि जोवर ते तसे होत नाही तोवर अंदाज कितीही अचूक झाला तरी सार्वजनिक आरोग्याच्या दृष्टीने त्याचे मोल एखाद्या कुतूहलाच्या बातमीएवढेच राहील.

पावसाच्या बाबतीत आपण किती वेगळे वागतो ते पाहावे. हवामान विभागाने रायगड किंवा ठाणे जिल्ह्याला लाल इशारा दिला की जिल्हाधिकारी रात्रीच शाळांना सुटी जाहीर करतात, आपत्ती नियंत्रण कक्ष जागा होतो, दरडप्रवण वस्त्यांना हलवण्याच्या सूचना निघतात. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने जिल्हाधिकाऱ्याला जिल्हा प्राधिकरणाचा अध्यक्ष केले आहे, त्यामुळे इशारा आल्यावर हालचाल न करणे ही त्याच्यासाठी जोखीम ठरते. कधीकधी दुसऱ्या दिवशी लख्ख ऊन पडते, पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर हवामान खात्याची यथेच्छ टिंगल होते, आणि तरीही पुढच्या लाल इशाऱ्याला सुटी द्यायची नाही असे कोणी सुचवत नाही. चुकलेल्या इशाऱ्याची किंमत आपण समाज म्हणून मोजायला तयार आहोत, कारण २६ जुलै २००५ ची किंमत आपण पाहिली आहे. हवेमुळे होणारे मृत्यू एका दिवसात, एका ठिकाणी, डोळ्यांसमोर होत नाहीत. ते दम्याच्या, हृदयविकाराच्या, पक्षाघाताच्या नावाने वेगवेगळ्या रुग्णालयांच्या नोंदवहीत जातात. त्यामुळे प्रशासनावर तसा दबावच तयार होत नाही.

मुंबईचे अलीकडचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये शहराची हवा बिघडली, उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि त्याच्या काही दिवस आधी महापालिकेने धूळ नियंत्रणाची सविस्तर मार्गदर्शक तत्त्वे काढली: बांधकामाभोवती उंच पत्र्याचे कुंपण, इमारतीला हिरवे कापड, पाण्याची फवारणी, राडारोडा झाकून नेणे. ही तत्त्वे योग्यच होती, पण ती बारा महिन्यांची आहेत. उद्याचा दिवस वाईट असणार म्हणून आज काही वेगळे करावे, असे त्यांत कुठे नाही. पुढच्या वर्षी, ३० डिसेंबर २०२४ रोजी, महापालिकेने बोरिवली पूर्व आणि भायखळा या भागांतील बांधकामे थांबवली, कारण तिथला निर्देशांक सातत्याने २०० च्या वर होता. निर्णय धाडसी होता आणि त्याचे कौतुक व्हायला हवे. मात्र क्रम पाहावा: आधी हवा बिघडली, बिघडलेलीच राहिली, मग मोजणी झाली, मग बैठक झाली, मग आदेश निघाला. त्या परिसरातील माणसांनी तोवर जी हवा घ्यायची ती घेऊन झाली होती.

हा उशीर केवळ कारभाराच्या संथपणाचा नाही, तो मोजण्याच्या पद्धतीतच आहे. एप्रिल २०१५ मध्ये सुरू झालेला राष्ट्रीय हवा गुणवत्ता निर्देशांक आठ प्रदूषकांचा विचार करतो आणि त्यांतला जो सर्वांत वाईट असेल त्याचा उपनिर्देशांक शहराचा निर्देशांक म्हणून सांगतो. धूलिकणांसाठी त्याचा आधार असतो चोवीस तासांची सरासरी. आता हिवाळ्यातल्या एका दिवसाची कल्पना करू. पहाटेपासून सकाळी दहापर्यंतचे सहा तास पीएम २.५ चे, म्हणजे अडीच मायक्रॉनपर्यंतच्या अतिसूक्ष्म धूलिकणांचे, प्रमाण घनमीटरला १५० मायक्रोग्रॅम आहे आणि उरलेले अठरा तास ते ५५ आहे. सरासरी येते ७९ च्या आसपास, म्हणजे ६१ ते ९० या टप्प्यात, आणि दिवसाला नाव मिळते ‘मध्यम’. पण सकाळी सात वाजता शाळेच्या मैदानावर कवायत करणारी मुले, त्याच्याही आधी रस्ता झाडणारे सफाई कामगार आणि टेकडीवर किंवा चौपाटीवर चालायला गेलेले ज्येष्ठ नागरिक यांनी जी हवा घेतली ती १५० ची होती. थंडीत जमिनीलगतची हवा गार आणि वरची त्यामानाने उबदार राहते, धूर आणि धूळ वर जाऊ शकत नाही, वारा पडलेला असतो. त्यामुळे आपण परंपरेने ज्या वेळेला सर्वांत शुद्ध मानत आलो ती पहाट शहरात बहुधा सर्वांत घाणेरडी असते. नरक चतुर्दशीचे पहाटेचे फटाके आणि मैदानांवरचे दिवाळी पहाटेचे कार्यक्रम नेमके त्याच वेळी होतात, हे जाता जाता नोंदवायला हरकत नाही. तारीख तर पंचांगात वर्षभर आधी छापलेली असते.

घडून गेलेल्या चोवीस तासांची सरासरी हा धोरणाचा हिशेब ठेवायला चांगला आकडा आहे, इशारा द्यायला मात्र तो निरुपयोगी आहे. इशाऱ्यासाठी लागतो तो पुढच्या चोवीस ते बहात्तर तासांचा, तासागणिक आणि भागागणिक अंदाज. तो कशावर उभा असतो हे थोडक्यात सांगायचे तर तीन गोष्टींवर. एक, वारा, तापमान आणि प्रदूषण ज्या उंचीपर्यंत मिसळू शकते तो थर. याचा अंदाज हवामानाच्या संगणकीय प्रारूपांतून बऱ्यापैकी भरवशाने मिळतो. दोन, त्या क्षणी हवेत खरोखर किती कण आहेत याची भूपृष्ठावरील केंद्रांनी आणि उपग्रहांनी केलेली मोजणी. तीन, कोणता स्रोत किती प्रदूषण सोडतो याची यादी, आणि खरी अडचण इथे आहे. मुंबईसारख्या शहरात एका वर्षात शेकडो इमारतींचा पुनर्विकास सुरू होतो, मेट्रोचे काम एका रस्त्यावरून दुसऱ्या रस्त्यावर जाते, रेडीमिक्स काँक्रीटचे प्रकल्प जागा बदलतात. काही वर्षांपूर्वीची यादी घेऊन बसलेले प्रारूप हे बदल पाहू शकत नाही. गंमत अशी की, ही माहिती बांधकाम परवाने देणाऱ्या महापालिकेकडे आजच संगणकात असते. ती दर महिन्याला अंदाज करणाऱ्या शास्त्रज्ञांकडे जावी यासाठी नवे तंत्रज्ञान लागत नाही, एक परिपत्रक पुरेल.

आता नेहमी घेतल्या जाणाऱ्या आक्षेपाकडे येऊ. अंदाज चुकतो, चुकीच्या अंदाजावर कामे बंद करून लोकांचे नुकसान का करावे? आक्षेप रास्त आहे, पण तो एक गृहीत धरतो: की सर्व उपाय एकाच रेषेवर, एकाच वेळी करायचे असतात. उपायांची किंमत सारखी नसते, म्हणून त्यांच्यासाठी लागणारी खात्रीही सारखी असायला नको. उद्याची हवा वाईट असण्याची शक्यता दहात तीन असेल, तरी शाळेने कवायतीचा तास सकाळऐवजी दुपारी घ्यावा, झाडलोट कोरडी न करता पाणी मारून करावी, बांधकामांवर फवारणी दुप्पट करावी. अंदाज चुकला तर फार काही बिघडत नाही. शक्यता दहात पाच झाली तर राडारोड्याची वाहतूक आणि खोदकाम एक दिवस पुढे ढकलावे. बांधकाम पूर्ण थांबवणे, अवजड वाहने रोखणे, कारखान्यांना उत्पादन कमी करायला सांगणे हे महागडे उपाय दहात सात-आठ इतकी खात्री असेल तेव्हाच करावेत. अशी शिडी लावायची तर अंदाज ‘वाईट’ किंवा ‘मध्यम’ अशा एका शब्दात देऊन भागणार नाही, तो शक्यतेच्या टक्केवारीत द्यावा लागेल. पावसाच्या अंदाजात आपल्याला ‘शक्यता’ हा शब्द सवयीचा झाला आहे. हवेच्या बाबतीतही तो होईल.

याच्या जोडीला आणखी एक शिस्त हवी. दर महिन्याच्या अखेरीस किती इशारे दिले, त्यांतले किती खरे ठरले आणि किती वाईट दिवस इशाऱ्याविना गेले, हे त्याच संकेतस्थळावर प्रसिद्ध व्हावे. शास्त्रज्ञांना यात कमीपणा वाटण्याचे कारण नाही, आणि अधिकाऱ्यांना तर हा लेखाजोखा ढाल म्हणून उपयोगी पडेल: मी उपाय केला कारण अंदाज सत्तर टक्क्यांचा होता आणि असे अंदाज गेल्या वर्षी बहुतेक वेळा खरे ठरले होते, असे तो न्यायालयातही सांगू शकेल.

दिल्लीने अंदाजाला बंधनकारक करण्याचा प्रयत्न केला आहे आणि तिथला अनुभव आपण नीट वाचला पाहिजे. हवा जसजशी बिघडेल तसतसे निर्बंध वाढवणाऱ्या तिथल्या टप्पेनिहाय प्रतिसाद आराखड्यात २०२२ मध्ये सुधारणा झाली आणि वरच्या टप्प्यांचे निर्बंध हवा त्या पातळीला पोहोचण्याच्या तीन दिवस आधी, अंदाजाच्या आधारे, लागू करावेत असे ठरले. कागदावर हे आदर्श होते. प्रत्यक्षात नोव्हेंबर २०२४ मध्ये दिल्लीचा निर्देशांक १३ तारखेला ४०० च्या पुढे गेला आणि तिसऱ्या टप्प्याचे निर्बंध १५ तारखेपासून आले. चौथा टप्पा १८ तारखेला लागू झाला तेव्हा हवा ‘गंभीर’ श्रेणीच्याही टोकाला गेली होती. सर्वोच्च न्यायालयातील न्यायमूर्ती अभय ओक यांच्या खंडपीठाने त्याच दिवशी हा आराखडा राबवणाऱ्या हवा गुणवत्ता व्यवस्थापन आयोगाला खडसावले की, हवा सुधारेल या आशेवर थांबणे हीच चूक आहे, पातळी ओलांडली जाण्याच्या नुसत्या शक्यतेवर पावले उचलायला हवी होती. मला यात दिसते ते असे: नियमात ‘अंदाज’ हा शब्द घातल्याने काम भागत नाही. अंदाज दोन्ही बाजूंनी वापरता येतो. परवा वारा सुटेल असे प्रारूप सांगत असेल, तर आजचा कटू निर्णय टाळायला तेही कारण पुरते. म्हणून नियम असा हवा की, निर्बंध लावण्यासाठी बिघाडाचा अंदाज पुरेसा असावा, पण निर्बंध टाळण्यासाठी सुधारणेचा अंदाज पुरेसा नसावा. हवा प्रत्यक्ष सुधारल्यावरच ते उठावेत.

महाराष्ट्रात असा आयोग नाही, आणि इथे प्रश्न आणखी अवघड होतो तो अधिकारक्षेत्राच्या नकाशामुळे. मुंबई महानगर प्रदेशात नऊ महापालिका आहेत. दिवसा समुद्रावरून येणारा वारा मुंबईचा धूर ठाणे, कल्याण, तळोज्याकडे नेतो आणि रात्री जमिनीवरून समुद्राकडे जाणारा वारा त्यातला काही परत आणतो. नदीच्या खोऱ्यासारखे हवेचेही खोरे असते, आणि अंदाज त्या खोऱ्याचा निघतो. उपाय मात्र वॉर्ड ऑफिसच्या हद्दीत अडकतात. भायखळ्याचे काम थांबवून शेजारच्या महापालिकेतील खाणी आणि डांबराचे प्रकल्प चालू राहणार असतील तर भायखळ्याच्या कंत्राटदाराचा राग मला समजू शकतो. राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाला किंवा विभागीय आयुक्तांना संपूर्ण महानगरासाठी आदेश काढण्याचा अधिकार आणि कर्तव्य दोन्ही दिल्याशिवाय प्रादेशिक अंदाजाला प्रादेशिक उत्तर मिळणार नाही. हेच चंद्रपूरलाही लागू आहे. तिथे औष्णिक वीज केंद्र, कोळशाच्या खाणी आणि सिमेंटचे कारखाने एकाच हवेत धूर सोडतात, पण त्यांना विचारणारी कार्यालये वेगवेगळी आहेत. पश्चिम महाराष्ट्रात ऊसतोडीच्या हंगामात पाचट जाळले जाते तो काळही नेमका थंडीचाच. उपग्रहांना त्या आगी दिसतात, तालुक्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्राला मात्र त्यांची खबर नसते.

इशाऱ्याचा दुसरा भाग लोकांसाठी असतो, आणि तिथे आपली पद्धत अधिकच ढिसाळ आहे. निर्देशांक १०१ ते २०० मध्ये असेल तेव्हा फुप्फुसांचे विकार, दमा आणि हृदयविकार असलेल्यांना श्वसनाचा त्रास होऊ शकतो, असे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा स्वतःचा तक्ता सांगतो. त्या श्रेणीला आपण ‘मध्यम’ म्हणतो आणि हालचालीचा विचार २०० च्या पुढे सुरू करतो. म्हणजे ज्यांच्यासाठी इशारा सर्वांत महत्त्वाचा, त्यांच्या धोक्याची सुरुवात होऊन गेल्यावरही शासनाच्या लेखी सर्व ठीक असते. शिवाय आपले चोवीस तासांचे पीएम २.५ चे मानक ६० आहे, जागतिक आरोग्य संघटनेचे २०२१ चे मार्गदर्शक मूल्य १५ आहे. मानके तातडीने बदलतील अशी माझी अपेक्षा नाही, पण इशाऱ्याची रेषा मानकाला बांधलेली असण्याचे कारण नाही. रुग्णांसाठी ती १०० ला आणि सर्वांसाठी २०० ला, अशा दोन रेषा आजही आखता येतील.

अहमदाबादने हे काही अंशी करून दाखवले आहे. २०१० च्या उष्णतेच्या लाटेनंतर त्या महापालिकेने २०१३ मध्ये उष्णता कृती आराखडा आणला: अंदाज आला की समन्वय अधिकाऱ्याने कोणाला कळवायचे, रुग्णालयांनी काय तयारी ठेवायची, बाग किती वाजेपर्यंत उघडी ठेवायची, हे लिहून ठेवलेले. नागपूरसह अनेक शहरांनी पुढे तो कित्ता गिरवला. त्याच धर्तीवर अहमदाबादने २०१७ मध्ये ‘सफर’चे अंदाज आणि आरोग्य यंत्रणा यांना जोडणारी हवेची योजनाही आखली. यातून घेण्यासारखी गोष्ट एकच: आराखड्यात एका विशिष्ट पदाचा उल्लेख असतो, त्या पदावरचा माणूस रजेवर असेल तर दुसऱ्याचा.

आपल्याकडे असे लिहायचे झाल्यास मजकूर काहीसा असा असेल. संध्याकाळी पाचला अंदाज येतो. सहाच्या आत महापालिकेचा आरोग्य अधिकारी प्रभागातील दवाखान्यांना कळवतो. दवाखान्यात नेब्युलायझर आणि इनहेलरचा साठा तपासला जातो. आशा सेविकेकडे असंसर्गजन्य आजारांच्या सर्वेक्षणातून आलेली दमेकऱ्यांची यादी असते, तिच्यातील लोकांना ती फोन करते किंवा निरोप देते. शाळांना रात्री आठपर्यंत संदेश जातो. वीज पडण्याचे आणि अतिवृष्टीचे मराठी संदेश आपल्या मोबाइलवर आज येतातच. हवेसाठी त्याच यंत्रणेचा उपयोग करायला कोणाची हरकत असावी? संदेशही उपयोगाचा हवा. ‘काळजी घ्या’ हा सल्ला नव्हे. सकाळी दहापर्यंत चालायला जाऊ नका, रोजचा इनहेलर चुकवू नका, रुमाल किंवा ओढणी या कणांना अडवत नाही, घट्ट बसणारा एन ९५ मास्क अडवतो, चुलीजवळ किंवा शेकोटीजवळ बसू नका, छातीत दडपल्यासारखे वाटले तर १०८ ला फोन करा: इतके नेमके सांगावे.

इथे एक खरी अडचण आहे आणि ती झाकून ठेवण्यात अर्थ नाही. घराबाहेर पडू नका, हा सल्ला ज्याला पाळता येतो त्याला त्याची गरज कमी असते. रिक्षाचालक, वाहतूक पोलीस, नाक्यावरचा मजूर, भाजीवाली यांना तो पाळता येत नाही, आणि गोवंडी-मानखुर्दच्या दहा बाय दहाच्या खोलीत दार लावून घेतल्याने हवा स्वच्छ होत नाही. कॅनडातील टोरंटो शहराच्या इशाऱ्यांचा अभ्यास झाला तेव्हा दम्यासाठी तातडीच्या उपचारांना येणाऱ्यांची संख्या घटलेली दिसली, पण हृदयविकार आणि मृत्यू यांवर तसा परिणाम आढळला नाही. म्हणजे नुसता लोकांना दिलेला इशारा थोडेच करतो. त्याहून मोठी मर्यादा अशी की, हवेमुळे होणाऱ्या नुकसानीचा बराच मोठा भाग मोजक्या भीषण दिवसांत होत नसून वर्षभरातल्या असंख्य सामान्य दिवसांत होतो, ज्या दिवशी कोणीही इशारा देणार नाही. इशारा हा प्रदूषण घटवण्याला पर्याय आहे असे मानणारा कोणी अधिकारी असेल तर त्याला आधीच थांबवलेले बरे. माझा आग्रह एवढाच की, प्रदूषण घटायला जी वर्षे लागतील त्या वर्षांत जगणाऱ्या माणसांना टाळता येण्याजोगा त्रास तरी टळावा. आणि इशाऱ्याचा पहिला पत्ता नागरिकाचा नसून प्रदूषण सोडणाऱ्याचा आणि त्याला परवाना देणाऱ्याचा असावा.

त्यातूनच शेवटचा, बहुधा सर्वांत कमी चर्चिलेला प्रश्न निघतो तो मजुरीचा. अंदाजावरून बांधकाम दोन दिवस थांबवले तर विकासकाचे वेळापत्रक सरकते, मजुराची मात्र चूल थांबते. मराठवाड्यातून, विदर्भातून आणि उत्तरेतून आलेला हा माणूस रोजंदारीवर असतो, आणि त्याला उपाशी ठेवून शहराच्या फुप्फुसांची काळजी घेणारा आदेश फार दिवस टिकणार नाही, टिकूही नये. बांधकामाच्या खर्चावर कायद्यानुसार उपकर गोळा होतो आणि राज्याच्या बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे तो जमा असतो. २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरातील राज्यांना काम बंद असलेल्या दिवसांसाठी याच निधीतून कामगारांना निर्वाहभत्ता देण्यास सांगितले. महाराष्ट्रात मंडळाकडे नोंदणी झालेल्या कामगारांची खाती आहेत, पण कितीतरी कामगार नोंदणीविना आहेत, आणि त्यांना शोधणे हे काम डिसेंबरच्या धुक्यात आदेश हाती असताना करायचे नसते. बंद दिवसाचा दर काय, तो किती दिवसांत खात्यावर पडेल, नोंदणी नसलेल्याची हजेरी कोणाच्या मस्टरवरून धरायची, हे सर्व पाऊस परतण्याआधी, सप्टेंबर संपेपर्यंत, शासन निर्णयात लिहिलेले असले पाहिजे.